पासपोर्ट राहू द्या, भडंग काढा

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका 38 वर्षांच्या, डी.फार्म झालेल्या. तालुक्याच्या गावी नवऱ्यासोबत मेडिकल चालवतात. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ‘ए’ ग्रेड मिळाली होती, पुढे चित्रकला सुटली. गेल्या वर्षी, म्हणजे 2024 साली, भाचीच्या सांगण्यावरून त्यांनी ‘इंकटोबर’ करायला घेतलं. ऑक्टोबरभर दिलेल्या शब्दावर रोज एक शाईचं चित्र काढायचं आणि इन्स्टाग्रामवर टाकायचं, असा तो उपक्रम. दोन हजारांची पेनं मागवली. अकरा दिवस चित्रं काढली. बाराव्या दिवशी दसरा होता, जमलं नाही. तेराव्या दिवशी दोन्ही चित्रं एकदम काढायला बसल्या, एकही धड झालं नाही. चौदाव्या दिवशी तीन बाकी झाली आणि वही कपाटात गेली. मुलगा चौदा वर्षांचा आहे. तो म्हणाला, “आई, तू सगळंच अर्ध्यावर सोडतेस.” नवऱ्याचं म्हणणं, “यातून मिळणार काय?” त्या विचारतात : “यंदा पुन्हा करू, की हा माझा प्रांत नाही असं समजून नाद सोडू? पेन्सिलनं बरं जमतं, पण शाई फिरवताना हात थरथरतो. अकरापैकी एकच चित्र मला आवडलं होतं, तेही काउंटरवर गडबडीत काढलेलं.”

नमस्कार ताई,

वीसेक वर्षं चित्राला हात न लावलेल्या बाईनं सकाळी नऊ ते रात्री दहा दुकान सांभाळून, ऐन तापाच्या साथीत, ओळीनं अकरा दिवस चित्रं काढली. हे मी तुमच्याच पत्रातून उचललंय. तुम्ही मात्र ते “अकरावरच गाडी अडली” असं लिहिलंत. दुकानाच्या हिशेबात तुम्ही जमेची बाजू अशी खोडली असती का?

आधी या उपक्रमाचं मूळ पाहू, कारण तुम्ही त्याला बोर्डाच्या परीक्षेसारखं घेतलंय. जेक पार्कर नावाच्या अमेरिकन चित्रकारानं 2009 साली तो सुरू केला, तोही स्वतःसाठी. शाईवर हात बसावा आणि रोज कामाला बसायची सवय लागावी, एवढाच हेतू. पाहणारे सामील होत गेले आणि ते जगभर पसरलं. 2016पासून अधिकृत शब्दयादी येऊ लागली. पार्करनं स्वतःच मुभा दिलेली आहे की रोज जमत नसेल तर दिवसाआड काढा, तेही नसेल तर आठवड्याला एक काढा, पण जे ठरवाल त्यात सातत्य ठेवा. दिवसाआडच्या पद्धतीला त्यानं अर्धमॅरेथॉन म्हटलंय. म्हणजे ज्यानं हा खेळ मांडला त्याच्या हिशेबानंही तुम्ही बाद झालेल्या नाहीत. एकतीसपैकी एकतीस नाहीतर शून्य, हा नियम तुमचा.

आता बाराव्या दिवसाबद्दल. तुमचं सगळं दसऱ्यामुळे बिघडलं असं तुम्ही म्हणता. मला तसं वाटत नाही. बिघडलं ते तेराव्या दिवशी, जेव्हा तुम्ही कालचं चित्र आजच्या खात्यावर चढवलंत. मेडिकलमध्ये उधारीची वही असते, तिचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. बाकी थोडी असेल तोवर माणूस येऊन देऊन जातो, फुगली की तो रस्ता बदलून दुसऱ्या दुकानात जातो. तुम्ही तुमच्या वहीबाबत तेच केलंत. दोनाची तीन झाली आणि तुम्ही रस्ता बदललात. त्यामुळे यंदा काहीही ठरवा, एक नियम कडक पाळा : राहिलेलं चित्र माफ. चौदा तारखेला बसलात तर चौदा तारखेचंच काढायचं. बारा आणि तेराची पानं कोरीही सोडायची नाहीत, सरळ पुढचं पान घ्यायचं.

याला आधारही आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना रोजची एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं आणि बारा आठवडे नोंदी ठेवल्या. सवय आपोआप अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असं त्यांना दिसलं. माणसामाणसांत फरक प्रचंड होता, अंदाजे 18 दिवसांपासून 254 पर्यंत. आणि मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही, हेही त्यात आढळलं. यावरून दोन गोष्टी लक्षात घ्या. एकवीस दिवसांत सवय लागते हे जे सर्रास ऐकवलं जातं त्यावर फार विसंबू नका. एकतीस दिवसांतही बऱ्याच जणांना लागणार नाही. आणि दसऱ्याच्या एका दिवसानं तुमचं काही बिघडलं नव्हतं.

माझ्या मते तुमच्या पत्राचं उत्तर त्या शेवटच्या वाक्यात आहे, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. एकच चित्र आवडलं, काउंटरवर गडबडीत काढलेलं. तुम्ही सोबत फोटो पाठवलेत म्हणून मला दोन चित्रं शेजारी ठेवून पाहता आली. 2024ची यादी प्रवासाभोवती होती. पहिला शब्द बॅकपॅक, मग बूट, दुर्बीण, ट्रेक, आणि सातव्या दिवशी पासपोर्ट. तुम्ही लिहिलंय की घरात कुणाकडेच पासपोर्ट नाही, म्हणून गूगलवरून चित्र शोधून उतरवलं. ते उतरवलेलंच दिसतंय. कडा पट्टी लावल्यासारख्या, मधली मुद्रा अक्षरन् अक्षर गिरवलेली, आणि सगळ्या रेघांची जाडी सारखी. अकराव्या दिवशी शब्द होता स्नॅक्स. तुम्ही काउंटरवरची भडंगाची उघडी पुडी काढलीत. कागदाची घडी एका बाजूनं उलगडलेली, दोन शेंगदाणे बाहेर सांडलेले, मागे बिलाच्या मशीनचा नुसता आकार. कढीपत्त्याचं एक पान तर तुम्ही एका फटकाऱ्यात काढलंय, आणि ते कढीपत्त्याचंच आहे, दुसऱ्या कशाचं नाही. इथे हात थरथरलेला नाही. का? तर समोर खरी वस्तू होती, गिऱ्हाईक कधीही येईल म्हणून घाई होती, आणि पेन्सिल करायला वेळच नव्हता.

तेव्हा यादी कुणाचीही घ्या, पण वस्तू तुमच्या घ्या. खरं तर मी म्हणेन यादीच तुमची करा. गोळ्यांच्या पट्ट्या कापायची कात्री, जिच्या एका कानाला चिकटपट्टी गुंडाळलेली असते. रबरबँडचा गोळा. औषध कंपनीनं दिलेलं टेबल कॅलेंडर. तारेत ओवलेली जुनी बिलं. इन्सुलिन येतं तो थर्माकोलचा डबा. शटरचं कुलूप. वरच्या फळीसाठीचं स्टूल. दुपारी एमआर लोक, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, बाहेर थांबतात तेव्हा त्यांच्या बॅगा पायाशी कशा उभ्या असतात ते पाहा. फक्त एक पथ्य : डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचं चित्र काढलंत तर पेशंटचं नाव आणि औषधाचं नाव नको, आणि गिऱ्हाइकांचे ओळखू येतील असे चेहरे नकोत. गाव लहान आहे.

हे काही दुय्यम दर्जाचे विषय नाहीत. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. तरुणपणी ते रोजच्या डायऱ्या चित्रांनी भरत, आणि त्यांत लोटलीसारख्या गावातली आजूबाजूची माणसं, घरं, लग्नं, चर्चबाहेरच्या गप्पा हेच असायचं. त्या डायऱ्या छापून लोकांसमोर आल्या त्या कित्येक दशकांनी. काढताना त्या फक्त त्यांच्या होत्या. आपल्याकडे व्यंगचित्रकार वसंत सरवटे इंजिनिअरची नोकरी सांभाळून रेषा चालवत होते. रोज आणि जवळचं, ही जुनीच रीत आहे. तिला ऑक्टोबर लागत नाही.

आता शाईकडे येते. तुम्ही आधी तासभर पेन्सिलनं पूर्ण चित्र करता, मग त्यावर शाई फिरवता, मग रबर. इंटरमिजिएटच्या तयारीनं हात असाच घडतो, त्यात तुमचा दोष नाही. पण पूर्ण झालेल्या चित्रावर शाई फिरवणं म्हणजे गिरवणं. गिरवताना माणूस हळू जातो, पेनाच्या टोकाकडे टक लावून बघतो, श्वास रोखतो, आणि हात थरथरतो. कुणाचाही थरथरेल. पेन्सिल वापरायचीच तर चार खुणा करा : उंची कुठवर, रुंदी कुठवर, कल कुठे, टेबलाची कड कुठे. बाकी सरळ पेननं. रेघ ओढताना नजर रेघ जिथे संपणार आहे तिथे ठेवा आणि मनगटाऐवजी कोपरातून, मोठी रेघ असेल तर खांद्यातून हात चालवा. किंचित वेग ठेवा. चुकली तर खोडायला जाऊ नका. तिच्या शेजारी बरोबर रेघ ओढा आणि पुढे चला. बघणाऱ्याचा डोळा दोन्हींतली बरोबर रेघ आपणहून उचलतो.

छायेसाठी डोळे बारीक करून वस्तूकडे पाहा. बारकावे विरघळतात आणि तीनच गोष्टी उरतात : उजळ, मधली, काळी. उजळ म्हणजे कोरा कागद, तिथे पेन न्यायचंच नाही. मधलीसाठी एका दिशेनं रेघोट्या. काळी ठिकाणं ठार काळी भरा, घाबरू नका. नवशिके बहुतेक वेळा इथेच कच खातात, सगळीकडे रेघोट्या मारतात आणि चित्र धुरकट होतं. तुमच्या पासपोर्टचंही तेच झालंय.

आणि छापलेल्या पानावरची ती निर्दोष शाईची चित्रं पाहून न्यूनगंड येत असेल, तर एक गोष्ट माहीत असू द्या. जुन्या दिवाळी अंकांतली रेखाचित्रं जस्ताच्या ठशांवरून छापली जायची. त्या ठशाला काळं आणि पांढरं एवढंच कळतं, करडं कळत नाही. म्हणून तर शाई आणि रेघोट्या यांचं इतकं महत्त्व होतं. पण त्याचा फायदाही होता. मूळ चित्रात चुकलेल्या रेघेवर पांढरा पोस्टर कलर फिरवलेला असायचा, कुठे कापून वर दुसरा कागद चिकटवलेला असायचा. ठशाच्या कॅमेऱ्याला ते दिसत नसे. छापून यायचं ते निर्मळ. खोडता न येणारी शाई ही भीती व्यावसायिकांना कधीच नव्हती.

सामानाबद्दल थोडक्यात. पेनं विकू नका, वापरलेली कुणी घेतही नाही. पण सगळी एकदम काढूही नका. मायक्रॉन पेनांतलं 05 नंबरचं, म्हणजे साधारण 0.45 मिलिमीटर रेघेचं, एकच काउंटरवर ठेवा. 005 आणि 01 नाजूक असतात, दाबून लिहिणाऱ्या हाताखाली त्यांची टोकं चेपतात. ती मुलाला विज्ञानाच्या आकृत्यांना द्या, खूश होईल. साधं काळं जेल पेनही चालतं, फक्त वाळेपर्यंत वर हात टेकवू नका. कॅम्लिनच्या वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकची बाटली तुम्ही घेतली आहे, ती टाकानं किंवा ब्रशनं वापरा. फाउंटन पेनात कधीही भरू नका, वाळून पेन कायमचं बसेल. झेरॉक्सच्या कागदावर ही शाई फुटते आणि मागे उतरते, म्हणून कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेच्या जाड कागदाची हातात मावेल एवढी वही घ्या. वही संपली असेल तर औषधांच्या खोक्यांची आतली बिनचकाकीची बाजू झकास असते. थर्मल बिलाचा गुळगुळीत कागद मात्र नको. शाई पुसली जाते आणि उन्हात किंवा उष्णतेनं कागदच काळवंडतो.

इन्स्टाग्रामचं मी जरा स्पष्ट सांगते. चित्र लोकांसमोर टाका हा त्या उपक्रमाचा नियमच आहे, आणि काहींना त्यानं बळ मिळतं. तुम्हाला मिळालं नाही. तुम्हीच लिहिलंय की भाचीच्या चित्राला तीनशे लाइक आणि तुमच्याला नऊ, हे बघण्यात चित्र काढण्याएवढाच वेळ जायचा. मग हा नियम तुमच्यापुरता रद्द. फार वाटलं तर महिना संपल्यावर आवडलेली चारपाच एकदम टाका. रोजचं प्रदर्शन मांडलं की माणूस रोज दाखवण्याजोगं काढायला बघतो, आणि मग वाईट चित्र काढण्याची मोकळीक जाते. वाईट चित्रं काढल्याशिवाय हात सुटत नाही.

घरच्यांचं. “यातून मिळणार काय?” हा प्रश्न तुम्हाला टोचला, पण तो विचारला गेला तेव्हा काउंटरवर किती माणसं उभी होती हे पत्रात नाही. ऑक्टोबरमध्ये डेंग्यू आणि व्हायरलची गर्दी असते. त्या गर्दीत बायको मागच्या बाजूला वही घेऊन बसली तर नवरा काहीतरी बोलणारच, आणि तो चित्रकलेबद्दलच बोलतोय असं नाही. त्यांना फायदा पटवून देण्याच्या फंदात पडू नका. वेळ सांगा. “दुपारी अडीच ते दोन पन्नास मी बसते, तेवढं तुम्ही बघा.” ठरलेली वीस मिनिटं माणसं सहज सोडतात, केव्हाही कितीही वेळ, हे नाही सोडत. आणि त्यांनाही तशी वीस मिनिटं द्या.

मुलाच्या बोलण्याचं मात्र मला वेगळं वाटतं. चौदा वर्षांच्या मुलाला ‘तू सगळंच अर्ध्यावर सोडतेस’ हे वाक्य सुचलं कुठून? तुमच्याच पत्रात तुम्ही स्वतःबद्दल ते निरनिराळ्या शब्दांत तीनदा म्हणालात : शिवणक्लास, इंग्रजी स्पीकिंग, आता हे. घरातही म्हणत असाल. त्याच्याशी वाद घालू नका. त्याच्यासमोर स्वतःला नावं ठेवणं तेवढं थांबवा. शिवणक्लास तुम्ही सोडलात तेव्हा तो दोन वर्षांचा होता, हे त्याला माहीत असायचं कारण नाही.

राहिला मुख्य प्रश्न, यंदा करायचं का. नाद सोडणं हाही एक खरा पर्याय आहे आणि तो मी वाईट म्हणणार नाही. चित्र काढायची इच्छाच नसेल, फक्त गेल्या वर्षीची हार पुसायची असेल, तर नका करू. ती पुसण्यासाठी एकतीस दिवस घालवणं महाग आहे. पण तुम्ही मला भडंगाचा फोटो पाठवलात. इच्छा आहे.

पूर्ण ऑक्टोबर करणं हा दुसरा पर्याय. यंदा दसरा 2 ऑक्टोबरला आहे आणि लक्ष्मीपूजन 21ला. म्हणजे महिना सुरू होताच तोरणं-पूजा, मग साफसफाई, फराळ, आणि वर दुकानातली साथीची गर्दी. अमेरिकेतल्या चित्रकाराला ऑक्टोबर निवांत वाटला असेल, आपल्याकडे बाईच्या वाट्याला येणारा तो सगळ्यात भरगच्च महिना आहे. ज्यांच्या घरी कामाची वाटणी खरोखर होते त्यांनी जरूर करावा. तुमच्या घरी चकलीचा सोऱ्या कोण फिरवतं ते तुम्ही लिहिलेलं आहेच.

म्हणून माझं मत तिसऱ्या बाजूनं. ऑक्टोबरभर फक्त रविवारी एक चित्र काढा, पार्करच्या सवलतीनुसार आठवड्याला एक. चार रविवार, चार वस्तू, सगळ्या दुकानातल्या. रोजचं सुरू करा 3 नोव्हेंबरला. सोमवार आहे, फराळ, भाऊबीज सगळं आटोपलेलं असेल, साथही उतरणीला लागते. शब्द तुमचे, वेळ दुपारची, वीस मिनिटं झाली की पेनाला टोपण, चित्र कुठेही असो. किती चित्रं झाली ते मोजू नका. वहीच्या मागच्या पानावर ज्या दिवशी बसलात त्या दिवशी फुली मारा. पाच मिनिटं बसून नुसती कात्री काढलीत तरी फुली. नोव्हेंबर संपल्यावर फुल्या वीस असोत नाहीतर बारा, मला कळवा आणि वहीचे फोटो पाठवा, न आवडलेल्या चित्रांसकट.

याच धर्तीची आणखी पत्रं आली आहेत, त्यांनाही दोन शब्द. रात्रपाळीवाल्या वाचकांनी ‘रोज’चा अर्थ तारखेला बांधू नये, एक झोप ते दुसरी झोप हा तुमचा दिवस. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांच्या पालकांनी हा महिना मुलांवर लादू नये. त्यांच्याकडे तयारीला वस्तुचित्र आणि स्मरणचित्र आहेच, तेच दहा मिनिटं पेननं केलं तर शाईही होते आणि अभ्यासही. ज्यांनी रेघोट्या मारून मनगट दुखतं असं लिहिलंय त्यांनी पेन सैल धरावं, दर काही मिनिटांनी हात झटकावा आणि दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर चित्र बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावं. काउंटरवर जाऊन नुसती वेदनाशामक गोळी मागू नये. या ताईही तुम्हाला तेच सांगतील.